सासरे, शिडी आणि ड्रोन

माझ्या सासऱ्यांना शिडीवरून खाली उतरवायचं म्हणून आम्ही ड्रोन घेतला. लोकांना वाटतं, धंदा वाढला म्हणून घेतला. वाटू दे.

मार्केट यार्डाजवळ आमचं सिमेंट आणि टाइल्सचं गोडाऊन आहे. पोत्यांच्या थप्प्या पार छताच्या पत्र्यापर्यंत गेलेल्या. सासरे रोज दुपारी डबा खाल्ला की "स्टॉक बघून येतो" म्हणत शिडी लावायचे आणि वर गेले की चांगले तासाभराने उतरायचे. वय झालेलं, त्यात गेल्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन. एक पाय घसरला की संपलं! नवऱ्याने हात जोडून पाहिले, मी रुसून पाहिलं. काही उपयोग नाही. "खालून बघून माल मोजता आला असता, तर शिडीचा शोध कशाला लागला असता?" हे वर ऐकून घ्यायचं.

मग कळलं की गोडाऊनमध्ये ड्रोन फिरवून माल मोजता येतो. तो वरून फोटो काढतो आणि कॉम्प्युटर पोती मोजतो. म्हटलं, आता बघू कोण शिडी लावतंय! तो उडवायला मी स्वतः शिकले. सासरे म्हणाले, "छान. संक्रांतीला पतंगाचा खर्च वाचला."

पहिल्या मोजणीला आम्ही सगळे लॅपटॉपभोवती जमलो, हमालसुद्धा. सगळं झकास चाललं होतं. कोपऱ्यातल्या थप्पीवर मात्र लाल खूण आली. मधली पोती कमी.

"चुकलं तुमचं यंत्र," सासरे जरा घाईनेच म्हणाले. "बंद करा ते."

मी कसली बंद करतेय! ड्रोन आणखी जवळ नेला. थप्पीच्या मधोमध पोती काढून ऐसपैस जागा केलेली. त्यात सतरंजी, उशी आणि घडी घातलेला पेपर. एक हमाल एकदम छताचे पत्रे निरखायला लागला.

"बाबा, ही उशी कुणाची?"

"थप्पीवर आहे म्हणजे स्टॉकच. मोजा."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मला मात्र हसता हसताच राग आला. "अहो, पण झोपायला जिवावर उदार होऊन वर कशाला जायचं? मागच्या खोलीत पलंग टाकलाय ना तुमच्यासाठी!"

"तिथे झोपलो की तुम्ही लोक घडीघडी येऊन माझ्या नाकापुढे हात धरता," ते म्हणाले. "श्वास चालू आहे का बघायला. मी जागाच असतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून पडतो."

धरत होते मी हात. घरीसुद्धा. बिचाऱ्यांना ऑपरेशनपासून आम्ही धड झोपूच दिलं नव्हतं, आणि उलट शिडीपायी त्यांनाच बोलत होतो.

शेवटी तह झाला. ते थप्पीवर चढणार नाहीत आणि आम्ही खोलीत डोकावणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या खोलीत आडवे झाले. मी बाहेर टेबलाशी बसले, कान आत. घोरणं सुरू झालं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. जरा वेळाने घोरणं थांबलं. वाट पाहिली. काहीच आवाज नाही. खुर्ची न वाजवता उठले, पाय न वाजवता दारापर्यंत पोचले.

"बसा, सूनबाई," आतून आवाज आला. "जिवंत आहे."