न मिटणारी कडी

आत्याने जन्मभर पोती शिवली. गोदामात बसून ती दाभण घालायची आणि सुतळी अशी खेचायची की शेजारचा हमाल म्हणायचा, "अहो, पोतं आहे ते, चोर नाही." त्यामुळे निवृत्त झाल्यावर तिने टॅटिंग शिकायचं काढलं तेव्हा घरात हसू पिकलं. टॅटिंग म्हणजे बोटभर शटलवर बारीक दोरा गुंडाळून, गाठीमागून गाठ घालत, मग दोरा ओढून त्या गाठींची कडी मिटवत केलेली लेस. "आता दाभणाने मोती ओवणार!" भाऊ म्हणाला. वहिनी मात्र हसली नाही.

लेस हे वहिनीचं काम. लेकीच्या लग्नाच्या पोशाखासाठी तिने गळपट्टी विणायला घेतली होती. शेवटची कडी अर्धी झाली असतानाच तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. गळपट्टी होती तशी डब्यात गेली. बाहेर कुणाकडून पुरी करून घेऊ म्हटलं तर वहिनी डबा छातीशी धरायची. शेवटी आत्याच पुढे झाली.

वहिनीने शिकवलं, पण सळो की पळो करून. "गाठ शटलच्या दोऱ्याने घालायची, पण ती उलटून बोटांवरच्या दोऱ्यावर बसली पाहिजे. उजव्याने ओढा, डावा सैल सोडा. सैल, वन्सं! एक गाठ जरी उलटली नाही तर कडी मिटणार नाही." आत्याचा डावा हात सैल सुटता सुटत नव्हता. कित्येक कड्या कापून तिने केरात टाकल्या. हळूहळू मिटायला लागल्या.

उद्या लग्न. शिंपी संध्याकाळी गळपट्टी न्यायला येणार होता. दुपारची जेवणं झाल्यावर वहिनीने डबा पुढे सरकवला. "बिघडवलंत तर पुन्हा तोंड दाखवू नका," ती म्हणाली. ती हे गमतीत म्हणाली नव्हती.

आत्याला घाम फुटला. उरलेल्या गाठी तिने श्वास रोखून घातल्या. एकेक उलटली. मग कडी मिटवायला तिने दोरा ओढला.

कडी मिटेना.

"ओढा की," वहिनी म्हणाली.

आत्याने पुन्हा ओढला. दोरा करकरला, आणि ती थांबली. तिने कडी खिडकीशी नेली, सुईच्या टोकाने गाठी चाचपत मागे गेली. तिच्या गाठी सरळ होत्या. न उलटलेली गाठ त्यांच्याही मागे होती, वहिनीच्या गाठींत.

हात गेला तरी वहिनीचं कसब तेवढं बिनचूक उरलं होतं, तेही आता हिरावून घ्यायचं? नाहीतरी घरात सगळे आत्यालाच सुतळीबाई म्हणत होते. आणखी एक बोल लागला तर काय बिघडणार होतं?

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कापावी लागेल."

वहिनीचा चेहरा लाल झाला. "आणा इकडे."

डाव्या हाताच्या अंगठ्याने ती गाठींवरून मागे जात राहिली. एके ठिकाणी अंगठा थांबला. आत्याला वाटलं, आता डबा भिंतीवर आपटणार.

"ही तुमची नाही," वहिनी म्हणाली. "झटका आला त्या सकाळी उजवा हात दोरा ओढतच नव्हता. मला कळलं होतं. म्हटलं, लेकीचं काम आहे, एवढी कडी होऊ दे, मग सांगू कुणाला तरी." तिचा आवाज फाटला. "तेव्हाच उठले असते, वन्सं, तर…"

आत्याने वहिनीचे डोळे पुसले, आपलेही पुसले.

"शिंपी येईल," वहिनी म्हणाली. "कापा."

कात्री लागली. आत्याने नवा दोरा जोडला आणि आपल्या बोटांवर घ्यायला गेली, तर डावा हात पुन्हा घट्ट आवळलेला. वहिनीने तो दोरा ओढून घेतला, स्वतःच्या डाव्या बोटांभोवती फिरवला आणि हात आत्यापुढे धरला.

"घाला गाठ."

आत्याने शटल आरपार नेलं आणि ओढलं. वहिनीने बोटं सैल सोडली. गाठ उलटली.