मामांनी सगळी गाणी काळी चारमध्ये बसवली

माझ्या सासऱ्यांचा आवाज गेला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं. लोक अजून विचारतात, "आवाज गेल्यावर लय खचले असतील ना?"

नाही.

तेच सांगायला ही पोस्ट लिहितेय.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बोरीच्या बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. लग्नाच्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचं कामही तेच करायचे.

गिऱ्हाईकाला कळशी देण्याआधी मामा तिच्यावर टिचकी मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "न्या. सुरात हाय."

गिऱ्हाईक हसायचं. मामा चेष्टा करत नसायचे.

सकाळी नातीच्या दोन वेण्या घालून तिला शाळेत सोडल्याशिवाय शटर उघडायचं नाही. गल्ल्याच्या मागं हार्मोनियमची पेटी ठेवलेली. गिऱ्हाईक नसलं की पेटी पुढं.

आणि जयंती आली की मामांची गायन पार्टी. भीमगीतं म्हणायला त्यांना गावोगावचं बोलावणं यायचं. माईकची गरज नाही असा आवाज.

तो आवाज जाणार, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात सगळे म्हणाले, एक गाणं म्हणा.

मामा म्हणाले, "न्हाई. तुमी रडसाल. मला ते बघायचं न्हाई."

मग मला जवळ बोलावलं.

"सुनीता, तुला गळा हाय. धुणं धुताना गुणगुणतीस, मी ऐकलंय. पार्टी बंद पडू देऊ नको."

त्यांच्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

मी मान हलवली. पण मनातून नाहीच म्हणाले होते. मी दहावी झालेली. चार लोकांत बोलायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. त्यात सून स्टेजवर गाणार म्हटल्यावर भावकी काय बोलेल, ते मला पाठ होतं.

दोन महिन्यांत मामा दुकानात परत बसले. गळ्याला कायम रुमाल. बोलायचं असेल ते भांड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहायचे.

मला दिलेल्या पहिल्या पुठ्ठ्यावर एकच शब्द होता. "कधी?"

मी म्हणाले, "बघू मामा."

रोज दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा ते पेटीवर असायचे. पण वाजवणं अडखळत. ज्या गाण्यावर अख्खी उमर काढली, त्याचीच एक ओळ पन्नास वेळा. चुकायचे, थांबायचे, परत सुरू.

मला वाटलं, आजारपणात बोटंही गेली. वाईट वाटायचं. डबा ठेवून निघून यायचे.

एक दिवस पार्टीतले तबलजी, रहीमचाचा, दुकानात बसले होते. मला म्हणाले, "बेटा, ये क्या कररा मालूम हाय तेरेकू?"

मी म्हणाले, "प्रॅक्टिस."

"जिंदगीभर इसने काळी एकमध्ये वाजवलं. ते त्याच्या गळ्याचं माप. आता सगळी गाणी काळी चारमध्ये बसवायलाय. बाईच्या गळ्याला लागते ती पट्टी. बोटं सगळी नव्यानं शिकायला लागलीत त्याला."

मग चाचा थांबून म्हणाले, "किसके वास्ते?"

मामांनी मान वर केली नाही. तीच ओळ परत धरली.

मी घरी आले आणि सासूबाईंपुढं रडले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या भाकरी थापत होत्या.

म्हणाल्या, "तीस वरसं म्या यांच्या पार्टीला च्या केला. एकदा पन कुनी म्हणलं न्हाई, की तू बी म्हण. तुला म्हणायलेत, तर गप गा."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि स्टुलावर बसले. मामांनी पेटीचा भाता सोडला. काळी चार.

त्या जयंतीला मी स्टेजवर उभी राहिले. भावकीतले थोरले मंडपाच्या बाहेर हाताची घडी घालून उभे.

पहिलं गाणं पार पडलं. दुसऱ्याच्या अंतऱ्याला मी कोरी झाले. एक शब्द आठवेना.

पेटी थांबली नाही. मामा तीच ओळ फिरवत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा. आणि माझ्याकडं बघत ओठ हलवायला लागले. आवाज नाही, नुसते शब्द.

मी ते ओठांवरून उचलले आणि गायले.

नंतर काय झालं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की गाणं संपलं तेव्हा बाहेरचे थोरले आत येऊन बसले होते. त्यातले एकजण म्हणाले, "आनखी एक होऊ दे, पोरी."

पुढच्या वर्षी मामांनी पेंटरकडून पार्टीचा बोर्ड नवा करून आणला. त्यावर माझं नाव. "सुनीताताई आणि पार्टी."

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "बाबा, तुमचं नाव काहून काढलं?"

मामांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, "माझं दुकानावर हाय."

सहा वर्षं आम्ही तो बोर्ड घेऊन फिरलो. परभणी, पोखर्णी, येलदरी. एक एक करत पाच बायका पार्टीत आल्या. त्यातल्या एक आत्याबाई. वयाच्या साठीत त्या पहिल्यांदा माईकपुढं उभ्या राहिल्या, तेव्हा मामा पेटी वाजवता वाजवता असे हसत होते, की चाचांचा ठेका चुकला.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी दुपारी मामा जेवले, दुकानातच आडवे झाले आणि झोपेतच गेले.

त्यांना न्यायच्या वेळी कोणीतरी म्हणालं, बायांनी घरीच थांबा.

आत्याबाई उठल्या, चप्पल घातली आणि पुढं झाल्या. मागं आम्ही सगळ्या. चाचांनी ढोलकी गळ्यात अडकवली. भर बाजारातून गात गेलो आम्ही. दुकानं आपोआप बंद झाली, माणसं उभी राहिली, आणि ओळीमागून ओळ सगळा बाजार आमच्यासोबत म्हणत होता.

असं जायला नशीब लागत नाही. असं जगावं लागतं.

मामा, परवा जिंतूरला कार्यक्रम हाय. आमी सगळ्याजणी चाललोय. आत्याबाईंनी आतापासूनच साडी काढून ठेवलीय.

तुमी निवांत राव्हा.

तुमच्या सुनेचा मानाचा जय भीम.