न्यागुथीची तांबडी माशी

न्येरी शहरातल्या कारखान्यात न्यागुथीने सत्तावीस वर्षं माशा बांधल्या. खोट्या माशा. इवलासा गळ पकडीत धरायचा, त्यावर पिसं, लोकर आणि केसासारखा दोरा गुंडाळायचा आणि ट्राउट माशाला खरा किडा वाटेल असं ध्यान तयार करायचं. तिच्या माशा विमानात बसून देशोदेशी गेल्या. तिने स्वतः मात्र त्यांतली एकही पाण्यात पडलेली पाहिली नव्हती.

नवरा गाकुरू थेगो नदीवर वाटाड्या. हौशी पाहुण्यांना मासा कुठे दडलाय ते दाखवायचं, त्यांनी पकडला की हात ओले करून गळ काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. तो खावा असं या नवराबायकोच्या मनातही येत नसे. वाडवडिलांच्या लेखी मासा म्हणजे पाण्यातला सापच.

मथेंगेच्या चहाच्या टपरीत गाकुरूच्या बढायांना रोज ऊत येई. "मासा धरतं ते मनगट!" तो हात फिरवून सांगे. "माशीचं काय घेऊन बसलात? कोंबडीची पिसं ती!"

हे ऐकलं की न्यागुथीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रागाखाली धास्तीही होती. खरंच तसं असलं तर? डोळे अधू झाले, बोटं वाकडी झाली, ती नुसत्या पिसांपायी?

कारखान्यातलं काम सुटलं त्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच आपल्या मनाची माशी बांधली. तांबडीलाल. दुसऱ्या दिवशी गाकुरूने आपला लाडका कोंबडा चीफ पाहिला आणि अंगणातच बोंब ठोकली.

"चीफच्या मानेला काय झालं?"

"चार पिसं घेतली. येतील परत. तुमच्या टकलासारखं नाही त्याचं."

"कशाला घेतलीस?"

"उद्या मला नदीवर न्या. या माशीवर मासा धरला, तर टपरीत सगळ्यांसमोर कबूल करायचं, की माशीनेच धरला."

"आणि नाही धरला तर?"

"तर चीफला हात लावणार नाही आणि माशीचं नावही काढणार नाही. कधीच."

"मग मासा मथेंगेच्या टेबलावर दिसला पाहिजे हं, कबुईची आई. नुसत्या तोंडच्या गप्पा चालणार नाहीत."

सकाळी नदीवर तिची पहिली फेक गाकुरूच्या टोपीत अडकली. दुसरी झुडपात गेली. "अगं, कपडे वाळत घालतेयस का?" गाकुरू पोट धरून हसला. तिसरी कशीबशी काठालगतच्या दगडापाशी पडली. तांबडा ठिपका पाण्यावर तरंगला, दोन हात वाहिला आणि गडप झाला.

"ओढ! अगं, ओढ ना!"

"गप्प बसा! दोरा आहे हा, गाईचं दावं नाही."

दोरा किती ताण सोसतो हे तिच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं. मासा पळाला की ती सैल सोडी, दमला की हळूच घेई. गाकुरूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अखेर ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट जाळीत आला. जबड्यात तांबडी माशी घट्ट बसली होती. न्यागुथीला भरून आलं. "खाल्ली हो त्याने," ती म्हणाली आणि डोक्याच्या फडक्याने डोळे पुसू लागली.

तेवढ्यात गाकुरूने हात ओले केले, गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

न्यागुथीने डोळ्यांवरचं फडकं खाली घेतलं.

"अहो! मथेंगेचं टेबल!"

"हाताला सवय गं..." गाकुरू ओले हात चोळू लागला.

"तरी म्हटलं, हाताची एवढी फुशारकी कशाला!"

पैजेची बातमी कळून संध्याकाळी टपरी गच्च भरली होती. "टेबल पुसून ठेवलंय," मथेंगे म्हणाला. "मासा कुठाय?" सगळे खदखदले. न्यागुथी कपात बघत बसली. गाकुरूने नकारार्थी नुसती मान हलवली असती, तरी पैज तो तिथेच जिंकला असता.

तो उठला. त्याने टोपी काढली.

"मासा मिळाला होता. मी गाढवाने सोडला. आणि मनगटाचं म्हणाल, तर हिची पहिली फेक या टोपीत आली होती. मासा धरला तो माशीने. हिने बांधलेल्या माशीने."

टपरीत कोणी हसलं नाही. मग गाकुरूला चेव आला. त्याने दोन्ही हात पसरले. "एवढा होता, एवढा!"

न्यागुथी उठली. आपल्या वाकड्या बोटांनी तिने त्याचे हात धरले आणि जवळ आणत आणत वीतभर अंतरावर थांबवले.

"एवढाच होता," ती म्हणाली. "पण माझी माशी खाल्ली त्याने."