कानाला मशीन लागलं

हो गं बायांनो, लागलं कानाला मशीन. आज सकाळीच सुनेनं लावलं.

शेजारच्या कापड विणायच्या लूमची खटखट एकदम कानात शिरली. सून म्हणाली, "आई, येतंय का ऐकू?" म्हटलं, "येतंय. तू पाठ फिरवून पुटपुटतेस, तेपण येतंय." हसली बिचारी.

आमचे हे लूम चालवायचे. त्या आवाजात बोलणं ऐकू येत न्हाय, म्हणून कामगार हातानंच बोलतात. हे तर घरीपण दोन बोटं हलवून चहा मागायचे.

हे गेले, मागून माझे कान गेले. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की हे दारात उभे. दोन बोटं हलवतात. मीपण हातानंच सांगते, बसा.

तुमचं माणूस येतं का गं असं?

मशीन टोचतं असं सुनेला सांगून आज दुपारी काढून ठेवलं. खोटं बोलले. आवाज असला तर हे यायचे न्हाईत.