दुर्पताबाईच्या भिंती

चिचगडच्या पुढे रानाला लागून असलेल्या टोलीवर, त्या छोट्या वस्तीत, दुर्पताबाईच्या भिंतींना तोड नव्हती. खाली गेरूचा पट्टा, वर पांढऱ्या छुईमातीचा हात, आणि तो असा सफाईदार की बोटाचा वळसुद्धा दिसू नये. नवरा पतिराम म्हणायचा, "हिचं लगन माह्यासंग नाही, भिंतीसंग लागलं." बाईला ते ऐकायला आवडायचं. गावातल्या पोरी तिच्याकडे माती कालवायला शिकायला येत, आणि ती शिकवताना इतकी खेकसायची की पुढच्या वर्षी त्या दुसरं घर धरत.

यंदा श्रावणात तिची एकुलती एक लेक भाग्यश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना लागला होता. त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचा टेकचंद पंप घेऊन घरोघरी मलेरियाची फवारणी करत होता. डास चावला की जड होऊन भिंतीवर बसतो आणि तिथल्या औषधानं मरतो, हे त्यानं दुर्पताबाईला नीट समजावलं. जाताना बजावलंही, "मावशी, अडीच महिने भिंत लिपू नोको. लिपलीस त माही मेहनत वाया गेली." दुर्पताबाईनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

पण औषधाचे पांढुरके ओघळ भिंतीवर तसेच राहिले, आणि पोळ्याला जावयासोबत विहीणबाई यायची होती. असल्या भिंतींसमोर विहिणीला बसवायचं म्हणजे दुर्पताबाईला मेल्याहून मेल्यासारखं. तिनं एका दुपारी माती कालवली आणि चारी भिंती लिपून मोकळी झाली. विहीणबाई नुसती बघत राहिली. पुढचे दोन दिवस दुर्पताबाईचे पाय जमिनीवर नव्हते.

पोळ्यानंतर बाराव्या दिवशी भाग्यश्रीला हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. गावची आशा कार्यकर्ती अल्का धावत आली. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तिनं तपासणीच्या पट्टीवर टाकलं आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा उतरला. मलेरिया होता, आणि तोही डोक्यात चढणारा.

"काकी, आता थांबाचं नाही. दोन जीव हायेत," अल्का म्हणाली आणि तिनं गाडी बोलावली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. अंगात रक्त फार कमी आहे म्हणाल्या, पोटातल्या बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाल्या. बाहेर बाकावर पतिराम टेकचंदचा उद्धार करत होता. "औषध मारलं का नुसतं पानी मारलं त्यानं?"

जन्मभर कुणाचं ऐकून न घेतलेल्या त्या बाईला आता राहवेना.

"त्याले काऊन बोलून राहिले? मीनंच लिपली भिंत. पोळ्याच्या आधी."

पतिरामनं तिच्याकडे पाहिलं आणि उठून लेकीच्या खाटेकडे गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. डास बाहेरही चावला असेल, असं अल्कानं समजावून पाहिलं; दुर्पताबाईनं ते कानावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भाग्यश्रीनं डोळे उघडून पेज मागितली आणि एक वाटी संपवून आणखी मागितली. बाळाचे ठोकेही ठीक होते. दुर्पताबाईचा जीव भांड्यात पडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता ती तिथेच उभ्या उभ्या ढसाढसा रडली, मग पदरानं नाक पुसून लेकीला म्हणाली, "हळू खा, ठसका लागंल."

औषधं संपल्यावर पुन्हा तपासलं. रक्त साफ होतं. घरी आल्यावर दुर्पताबाईनं स्वतः निरोप धाडून टेकचंदला बोलावलं, सगळी भांडीकुंडी बाहेर काढली आणि त्याच्या मागे उभी राहून कोपरा न् कोपरा मारून घेतला. एवढ्यावर थांबेल तर ती दुर्पताबाई कसली! शेजारी कुणाच्या अंगणात छुईमाती भिजत घातलेली दिसली की ही दारात हजर. ज्यांना ती लिपायला शिकवायची त्यांनाच आता न लिपायला शिकवू लागली, आणि खेकसणं तेवढंच होतं.

दिवाळीत भाग्यश्री सुखरूप बाळंत झाली. पावणेतीन किलोची ठणठणीत मुलगी. घरी आली तेव्हा मंडई चार दिवसांवर होती, म्हणजे गावात जत्रा आणि घर भरून पाहुणे. सगळ्या टोलीत सणाची घाई आणि दुर्पताबाईच्या भिंतींवर तेच ओघळ.

भाग्यश्रीनं सभोवार पाहिलं. "माय, विहीण येईल तुही. समोरची एक भिंत त लिपून घे. लोक नावं ठेवतीन तुले."

दुर्पताबाई नातीला मांडीवर थोपटत होती.

"ठेवू दे," ती म्हणाली. "तूच नसती त मीनं भिंत कोनासाठी लिपली असती?"