टोपी उतरली की

राहात्याकडच्या एका गावात मी ग्रामपंचायतीच्या बातम्या घ्यायला जातो. तिथे विरोधी गटाचे एकच सदस्य आहेत, हडकुळे, कमी बोलणारे. गावचं गायरान सोलर कंपनीला द्यायचा ठराव मताला गेला की पास होणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून विषय निघाला की ते डोक्यावरची टोपी काढतात, घडी घालून टेबलावर ठेवतात आणि गावातल्या ताज्या मयताच्या दुखवट्याचा ठराव मांडतात. दुखवटा झाला की सभा तहकूब करायची, हा तिथला रिवाज. त्याला नाही कोण म्हणणार? आणि गायरानाच्या प्रत्येक सभेआधी गावात कुणीतरी गेलेलं असतंच. मला आधी याचं हसू यायचं. नंतर येईना.

परवा विषय निघाला आणि त्यांनी टोपी काढली. न सांगताच सगळे उभे राहिले.

"कोण गेलं?" सरपंचांनी विचारलं.

त्यांनी सावकाश एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"अजून कुनी न्हाई. बसा की. घ्या मतं."

कुणी बसलं नाही. सरपंचांनीच सभा तहकूब केली. बाहेर येताच जो तो घरी फोन लावू लागला. बातमीचं नंतर बघू म्हणत मीही लावला.