पेशी वाचवणारं तेल

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बुडबुडे म्हणत. नाव कामावरून पडलं होतं. सूर्यफुलाच्या तेलात नळी सोडायची, नळीतून ओझोन सोडायचा आणि तेल घट्ट होईपर्यंत बुडबुड्यांकडे बघत बसायचं. बघत बसणं हेही काम असतं, हे बायकोला पटवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं आणि उरलेल्या निम्म्यातही ते पटेल अशी चिन्हं नव्हती.

तेलाला वास मात्र असा, की वीज कडाडल्यावर कुणीतरी खवट शेंगदाण्यांचं पोतं उघडावं.

"मॅडम, याचा उपयोग काय हो?" त्यांनी एकदा धीर करून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना विचारलं.

मॅडमना समजावून सांगायची हौस होती. "असं बघा, हे तेल पेशीला जरासं टोचतं. पेशी दचकते, जागी होते आणि स्वतःच आपलं अँटिऑक्सिडंट तयार करायला लागते. मग पुढचा मोठा मार ती सोसू शकते. पण ओझोन जास्त झाला तर पेशी मरतेच."

"म्हणजे सासूच्या टोमण्यांसारखं. एखादा असला तर घर हुशार राहतं, रोज झाले की सून माहेरी!"

"अगदी! पण हे सगळं काचेच्या ताटलीतल्या पेशींवर बरं का. माणसांचं अजून काही ठरलेलं नाही. सांगत सुटू नका."

बुडबुडे लगेच सांगत सुटले. दाढीला बसल्या बसल्या सलूनवाल्याला म्हणाले, "आमच्या मॅडमचं तेल पेशीला वाचवतं!"

आता पेशी अंगातही असते आणि कोर्टातही असते. सलूनवाल्याचा स्वतःचा गाळ्याचा खटला चालू होता, त्यामुळे त्याला एकच पेशी माहीत होती. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "दिवाणी की फौजदारी?"

दुसऱ्या दिवशी बुडबुड्यांच्या दारात बाटल्या घेऊन माणसं उभी. शिंप्याची सोमवारी पेशी होती. "अंगाला लावायचं की कागदपत्रांना?" त्यानं विचारलं.

"अहो, ही पेशी अंगातली!" बुडबुडे दंडावर थापा मारत ओरडले.

"अंगात येणार असेल तर फारच छान. वकिलाची गरजच नाही."

समजावून समजावून बुडबुड्यांचा घसा बसला. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला, की तेल घरच्यांसाठी राखून ठेवलंय. कारण बुडबुड्यांचीही पेशी जवळ आली होती, आणि ती सगळ्या आळीला तोंडपाठ होती.

खटला सख्ख्या भावाशी होता. बुडबुड्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी थोरल्या दादाच्या अंगणात उघडायची. ती विटा लावून बुजवा, असं दादाचं म्हणणं. खिडकी गेली की भरदुपारी दिवा लावून भाकऱ्या थापायच्या. वाटणीनंतर दोघे भाऊ बोलायचे ते फक्त वकिलांच्या तोंडून. या पेशीला निकाल लागेल, असं दोन्ही वकील म्हणत होते, आणि दोन्ही वकिलांचं एकमत झालं की बुडबुड्यांना धडकी भरायची.

त्याच आठवड्यात एका बाटलीत ओझोन प्रमाणाबाहेर गेला. "टाकून द्या ही," मॅडम नाक दाबून म्हणाल्या. बुडबुड्यांनी ती टाकली, पण पिशवीत.

पेशीच्या सकाळी त्यांनी बाटली काढली. हे खूळ आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माणूस घाबरला की त्याला ठाऊक असलेलं काहीच आठवत नाही. बाटली निम्मी रिकामी होती.

"उडालं असेल," बायको खिडकीकडे न बघता म्हणाली.

तेल उडत नाही, हे बुडबुड्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी बायकोशी वाद म्हणजे एका दिवसात दोन पेशी. ते गुमान माखून निघाले.

कोर्टात ते शिरले आणि पुढच्या रांगेनं मागे वळून पाहिलं. समोरच्या दारातून दादा शिरला आणि मागच्या रांगेनं पुढे पाहिलं. दोन वास मधोमध भेटले. कारकून शिंकला. शिपाई "वायर जळतेय!" म्हणत मेन स्विचकडे धावला. पंखे थांबले, मग तर वासाला रानच मोकळं मिळालं. न्यायाधीशांनी डोळे पुसत पुढची तारीख दिली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाहेर एकच बाक होता. बुडबुडे बसले, तसे त्यावरचे बाकीचे उठले. उभं राहून पाय दुखल्यावर दादा दुसऱ्या टोकाला टेकला. दोघंही आपापला दंड खाजवू लागले.

"तूही लावलंस?" दादा समोर बघत म्हणाला.

"तुला कुणी दिलं?"

"तुझ्या वहिनीनं. तिला तुझ्या बायकोनं दिलं. दोघी जावा रोज बोलतात, तुझ्या त्या खिडकीतूनच."

"मग बुजवायची कशाला?"

दादा बराच वेळ खाजवत राहिला. "वास येतो."

"कसला?"

"फोडणीचा. रोज. जेवायला ये म्हणून मात्र कुणी हाक मारत नाही."

बुडबुड्यांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी आलं त्याचं खापर त्यांनी तेलावर फोडलं. दादाही हसला. दूरवर दोन्ही वकील नाकाला रुमाल लावून उभे होते. "तडजोडीचा विचार आहे का?" त्यातला एक ओरडला.

"विचार कसला? झाली!" दादानं ओरडून सांगितलं. "खिडकी राहील. तुम्ही जा जेवायला."

बसवाल्यानं दोघांना चढू दिलं नाही, म्हणून चालत निघाले. वाटेत लोक रस्ता सोडत होते, जणू मिरवणूकच चाललीय. आळीत पोचल्यावर सवयीनं दोघं आपापल्या दाराकडे वळले. दादा दोन पावलं जाऊन थांबला.

"अरे, तुझ्याकडेच करतो अंघोळ. आमच्याकडचा साबण संपलाय."

"वहिनीला विचारलंस?"

"विचारलं तर साबण आहे म्हणेल," दादा म्हणाला आणि बुडबुड्यांच्या आधी आत शिरला.